नाव आपले, स्वर आपला

हुबळीच्या कडेला असलेले तारिहाळ हे गाव आज औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. या परिसरापासून कुंदगोळ फार दूर नाही. आणि कुंदगोळ म्हटले की सवाई गंधर्व व किराणा घराणे यांचे स्मरण होते. अशा भूमीत 'रॅप' हा शब्द नुसता उच्चारला तरी पुष्कळांच्या कपाळावर आठ्या पडतील. हे गाणे की केवळ वेगाने केलेले बोलणे, असा प्रश्न विचारला जाईल. आणि ते एखाद्या मुलीच्या तोंडून ऐकावयाचे असेल, तर प्रश्नाला अधिकच धार चढेल. परंतु हुबळी-धारवाडच्या संगीताचा इतिहास पाहिला म्हणजे असे दिसते की, स्त्रीने चारचौघांत गावे काय, कोणत्या आवाजात गावे आणि तिच्या गाण्यावर नाव कोणाचे असावे, हे प्रश्न येथे शंभर वर्षांपूर्वीच उभे राहिले होते. रॅप करणाऱ्या आजच्या मुलींनी ते पुन्हा विचारले आहेत, इतकेच.

प्रथम हा प्रकार काय आहे, ते पाहणे इष्ट होईल. 'हिपहॉप' हे केवळ एका गायनप्रकाराचे नाव नव्हे. तबकड्या वाजविण्याची कला, तालावर शब्द म्हणण्याची कला, विशिष्ट नृत्य आणि भिंतींवरील चित्राक्षरे ही त्याची चार अंगे मानतात. त्यांपैकी तालावर शब्द म्हणणे म्हणजे रॅप. न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स विभागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी एका इमारतीच्या सभागृहात नाचगाण्याची एक मेजवानी झाली. जमैकाहून आलेल्या कुटुंबातील क्लाइव्ह कॅम्पबेल, म्हणजेच 'कूल हर्क', हा अठरा वर्षांचा तरुण तेथे तबकड्या वाजवीत होता. गाण्यातील ज्या तुकड्यात केवळ तालवाद्येच वाजत, तो तुकडा नाचणाऱ्यांना विशेष आवडतो, हे त्याच्या ध्यानी आले होते. एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवून तोच तुकडा लांबविण्याची युक्ती त्याने पुढे रूढ केली. या लांबविलेल्या तालावर शब्द म्हणता म्हणता रॅप जन्मास आला.

ही हकीकत सांगताना एक गोष्ट बहुधा गाळली जाते. ती मेजवानी हर्कची नव्हती. ती त्याची बहीण सिंडी कॅम्पबेल हिने योजिली होती. शाळा सुरू होण्यापूर्वी नवे कपडे घ्यावेत, त्यासाठी चार पैसे जमावेत, एवढाच तिचा हेतू होता. मुलींना पंचवीस सेंट आणि मुलांना पन्नास सेंट असे प्रवेशमूल्य तिने ठेवले. म्हणजे या कलेच्या आरंभीच व्यवस्था आणि हिशेब एका मुलीच्या हाती होते. पुढेही हे सूत्र तुटलेले नाही. १९७९ साली रॅपला प्रथम मोठे व्यापारी यश मिळवून देणारी तबकडी ज्या 'शुगर हिल' कंपनीने काढली, तिची सूत्रे सिल्व्हिया रॉबिन्सन या स्त्रीच्या हाती होती. त्याच वर्षी तिने 'द सीक्वेन्स' या तीन मुलींच्या संचाची तबकडीही काढली. १९८४ साली रोक्सान शांते या चौदा वर्षांच्या मुलीने मुलांच्या एका गाण्याला गाण्यातूनच सडेतोड उत्तर दिले. १९८८ मध्ये एमसी लाइट हिची संपूर्ण तबकडी तिच्या एकटीच्या नावावर निघाली. आणि १९९९ साली लॉरिन हिल हिच्या संग्रहाला वर्षातील सर्वोत्तम संग्रहाचा ग्रॅमी पुरस्कार मिळाला. असे असूनही 'रॅप करणारी स्त्री' ही अपवाद म्हणूनच सांगितली जात राहिली.

रॅपमध्ये एक लकब अशी की, गाणारा आपले नाव गाण्यातच सांगतो. पुष्कळांना ही बढाई वाटते. परंतु ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात ही गोष्ट भारतीय स्त्रीनेच फार पूर्वी केलेली आहे. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान हिचे गाणे मुद्रित झाले, तेव्हा गाण्याच्या शेवटी तिने इंग्रजीत आपले नाव उच्चारले. तबकड्या जर्मनीतील हानोव्हर येथे तयार होत. तेथील कारागिरांना गाणे कोणाचे हे कळावे, एवढीच ती सोय होती. परंतु त्या सोयीमुळे एका गायिकेचे नाव तिच्याच आवाजात कायमचे राहिले.

हुबळीच्या गायिकेला मात्र हे भाग्य आरंभी लाभले नाही. १९१३ साली धारवाड येथे जन्मलेल्या गंगूबाई हनगल यांच्या प्रारंभीच्या तबकड्या १९३० नंतरच्या काळात निघाल्या. त्यांत मराठी गीतेही होती. पण त्यांवर नाव छापले गेले ते 'गांधारी'! गाणे त्यांचे, गळा त्यांचा आणि नाव निराळेच. पुढे घशावरील उपचारानंतर त्यांचा आवाज भारदस्त, काहीसा पुरुषी वाटावा असा झाला. स्त्रीचा आवाज नाजूकच असावा या समजुतीला तो मानवणारा नव्हता. परंतु त्यांनी तो लपविला नाही, तोच आपला स्वर म्हणून सिद्ध केला. हुबळीहून आगगाडीने कुंदगोळला जाऊन सवाई गंधर्वांकडे त्यांनी जी तालीम घेतली, तिचे तेज त्या आवाजात होते. मुसलमान गायक उस्ताद होतो, हिंदू गायक पंडित होतो, केसरबाई-मोगूबाई मात्र बाईच राहतात, हे त्यांचे निरीक्षण प्रसिद्धच आहे. २००२ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले, २००९ मध्ये हुबळीत त्यांचे निधन झाले, आणि आज म्हैसूर येथील संगीत विद्यापीठ त्यांच्याच नावाने चालते. परंतु स्वतःच्या नावापर्यंत येण्यासाठी केवढी वाट चालावी लागली, हे विसरता येत नाही.

त्याही मागे गेले तर नाममुद्रेचा हा प्रश्न संतसाहित्यात भेटतो. कर्नाटकात अक्क महादेवीच्या वचनांत चन्नमल्लिकार्जुनाची मुद्रा आहे. महाराष्ट्रात जनाबाईने स्वतःस नामयाची दासी म्हणविले. एकीने देवाच्या आणि दुसरीने गुरूच्या आश्रयाने आपला शब्द टिकविला. आणि ज्या असंख्य स्त्रियांनी पहाटे जात्यावर ओव्या गाइल्या, त्यांच्या पदरी तर नावही आले नाही. हेमा राईरकर व गी प्वातव्हाँ यांनी पुण्याहून आरंभिलेल्या कार्यामुळे अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. सासुरवास, माहेर, दारिद्र्य, जातीची वागणूक हे सारे त्या ओव्यांत आहे. जात्याची घरघर हा ताल आणि मनातील बोल हे शब्द! ओवी व रॅप यांत रक्ताचे नाते आहे असे म्हणणे धाडसाचे होईल. पण हाताशी असलेल्या तालावर आपले दुःख मांडण्याची गरज दोहोंत सारखीच आहे.

आपल्या देशात या कलेचे सामर्थ्य २०१५ साली स्पष्टपणे दिसून आले. कोडाईकनाल येथील बंद पडलेल्या थर्मामीटरच्या कारखान्यातील पाऱ्याच्या प्रदूषणाविषयी सोफिया अश्रफ हिने रॅप गीत रचले आणि ते लक्षावधी लोकांनी पाहिले. कामगारांचा लढा त्यापूर्वीच अनेक वर्षे चालू होता. २०१६ साली ५९१ माजी कामगारांशी कंपनीची तडजोड झाली. ती केवळ गाण्यामुळे झाली असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. परंतु दूरच्या डोंगरातील गाऱ्हाणे देशापुढे आणण्याचे काम त्या गाण्याने निश्चित केले. मराठीत 'माही जी' या नावाने गाणारी मधुरा घाणे ही महादेव कोळी समाजातील तरुणी आदिवासींचे जगणे आणि जंगल यांवर रॅप करते. मुंबईत 'वाइल्ड वाइल्ड विमेन' हा केवळ स्त्रियांचा संच उभा राहिला आहे. त्यातील 'क्रांतिनारी' आणि 'एमसी महिला' ही नावे पाहावीत. ती कोणा कंपनीने छापलेली नाहीत. गाणाऱ्यांनी स्वतः घेतलेली आहेत.

हे शक्य झाले, त्याचे कारण साधनांत आहे. पूर्वी गाणे मुद्रित करावयाचे तर कंपनीचे बोलावणे यावे लागे. आज एक संगणक, एक बरा ध्वनिग्राहक आणि गाद्या-गोधड्यांनी प्रतिध्वनी शोषून घेतलेली लहानशी खोली यांवर काम भागते. तयार गाणे वितरकामार्फत जगभर पोहोचते. यालाच स्वतंत्र संगीत म्हणतात. तथापि साधन हाती आले म्हणजे हक्कही हाती आला, असे नव्हे. एका गाण्यात निदान दोन मालमत्ता असतात: शब्द व चाल ही एक, आणि मुद्रित ध्वनी ही दुसरी. पहिलीचे संरक्षण रचनाकाराच्या हयातीत व पुढे साठ वर्षे चालते. दुसरीचे प्रकाशनानंतर साठ वर्षे. २०१२ साली भारतीय कायद्यात झालेल्या दुरुस्तीमुळे गीतकार व संगीतकार यांचा मानधनातील वाटा असा सुरक्षित झाला की, वारस किंवा हक्कसंस्था यांच्याखेरीज इतरांस तो लिहूनही देता येत नाही. तालाचा तुकडा दुसऱ्याकडून घेतला असेल, तर तो विकत घेतला की केवळ वापरण्यास घेतला, याचा लेखी उल्लेख हवा. कारण भाड्याने दिलेला ताल देणारा उद्या दुसऱ्यासही देऊ शकतो. पहिल्या गाण्याच्या आनंदात तरुण कलावंत नेमका हाच कागद करावयाचा विसरतात.

रॅपमध्ये शिवराळपणा असतो, स्त्रीची हेटाळणी असते, हा आक्षेप खोटा नाही. परंतु म्हणूनच त्यात स्त्रियांचा आवाज अधिक हवा. मैदान सोडून दिल्याने मैदान शुद्ध होत नसते. शिवाय तालमीचा प्रश्न उरतोच. श्वास कोठे घ्यावा, अक्षर मात्रेवर कसे टाकावे, शब्द स्पष्ट कसा उमटावा, हे रॅपलाही साधावे लागते. आणि ते साधण्यास कष्टाखेरीज दुसरा मार्ग नाही.

उद्या हुबळी-धारवाडच्या एखाद्या घरात मुलगी वहीत काही ओळी लिहून त्या तालावर म्हणून पाहू लागली, तर घरच्यांनी प्रथम ते बोल ऐकावेत. आवडनिवड मागाहून ठरविता येईल. आणि गाणे बाहेर जावयाचे झाले, तर त्यावर तिचेच नाव पडेल, याची काळजी घ्यावी.