साताऱ्याचे स्वावलंबी कॉलेज

उच्च शिक्षणाच्या मार्गातील मोठी अडचण कोणती, असे विचारल्यास फी हे उत्तर सहज सुचते. परंतु खेड्यातील विद्यार्थ्याच्या बाबतीत ते अपुरे आहे. कोयनेच्या खोऱ्यातील मुलास १९४७ पूर्वी कॉलेजात जावयाचे तर सांगलीचे विलिंग्डन, कोल्हापूरचे राजाराम किंवा पुणे गाठावे लागे. फीची सोय झाली, तरी परगावी राहावे कोठे व जेवावे कोठे, हा प्रश्न उरेच.

कर्मवीर भाऊराव पाटील ह्यांनी हे मर्म फार आधी ओळखले होते. १९१९ साली कऱ्हाड तालुक्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली व १९२४ मध्ये साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथे निरनिराळ्या जातींची मुले एकाच पंक्तीस बसत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्यास छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. मुलांच्या पोटास कमी पडू नये म्हणून लक्ष्मीबाई पाटील ह्यांनी आपले दागिने, अखेर मंगळसूत्रदेखील, मोडले.

ह्याच परंपरेतून जून १९४७ मध्ये साताऱ्यास छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. ‘कमवा आणि शिका’ हे त्याचे सूत्र होय. ह्या योजनेतील विद्यार्थी वर्गात इतिहास व अर्थशास्त्र शिके आणि उरलेल्या वेळी शेतात कुदळ चालवी. त्याच्या श्रमाचा मोबदला शिक्षणखर्चात वळता होई. अंग मोडून काम केल्यावर रात्री दिव्यापाशी पुस्तक उघडणे सोपे नसे, हे कबूल केले पाहिजे. तथापि ह्या व्यवस्थेत एक थोर गोष्ट साधली. धर्मादायाच्या अन्नावर शिकणाऱ्याची मान थोडी तरी खाली जाते; स्वतःच्या घामाची भाकरी खाणाऱ्याची जात नाही. शिवाय, पदवी मिळाली म्हणजे नांगराची लाज वाटावी, ही सुशिक्षितांची जुनी खोड तेथे रुजण्यास वाव उरला नाही.

पुढे १९५४ साली, कृष्णा-कोयनेच्या संगमावरील कऱ्हाडास संस्थेने सद्गुरू गाडगे महाराज कॉलेज काढले. ज्या खोऱ्यातील मुलास कॉलेजसाठी परमुलखी जावे लागे, त्याच्याच नदीकाठी आता कॉलेज येऊन उभे राहिले.