स्पेनमध्ये दुपार रिकामी ठेवा

दुपारी साडेबाराला जेवायची सवय असलेला माणूस त्या वेळी माद्रिदच्या एखाद्या चांगल्या रेस्टॉरंटात गेला, तर त्याला टेबलं मांडणारे वेटर दिसतील, जेवण मिळणार नाही. संध्याकाळी सातला पुन्हा गेला, तरी स्वयंपाकघर बंदच असेल. मग तो मुख्य चौकातल्या, दारात पाएया या भाताच्या पदार्थाचे रंगीत फोटो लावलेल्या आणि दिवसभर उघड्या असणाऱ्या जागी शिरतो, गोठवून ठेवलेला भात गरम करून खातो आणि स्पेनच्या जेवणात काही विशेष नाही असा निष्कर्ष काढून मोकळा होतो. सहलीची आखणी करताना आपण राहणं, खाणं आणि पाहणं यांचे तीन वेगळे हिशेब मांडतो. हॉटेलसाठी तारे मोजतो, जेवणासाठी नावाजलेल्या जागा शोधतो, प्रेक्षणीय स्थळांची यादी करतो. स्पेनच्या शहरांत मात्र हे तिन्ही हिशेब एकाच गोष्टीवर अवलंबून असतात, ती म्हणजे तिथल्या दिवसाचं वेळापत्रक. ते मान्य केलं तर साधं हॉटेल आणि बेताचा खर्चही पुरतो. ते नाकारलं तर पंचतारांकित मुक्कामातही शहर हाती लागत नाही.

स्पॅनिश लोक उशिरा जेवतात, असं आपण म्हणतो. पण उशीर मोजायचा कुठल्या घड्याळानं? ग्रीनिचची मध्यान्हरेषा स्पेनच्या पूर्व भागातून जाते आणि बराचसा देश तिच्या पश्चिमेला आहे. तरीही १९४० मध्ये हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत घड्याळं एक तास पुढे नेऊन ती मध्य युरोपच्या वेळेला जोडली गेली आणि तशीच राहिली. उन्हाळ्यात त्यात आणखी एका तासाची भर पडते. परिणामी जूनमध्ये माद्रिदला सूर्य डोक्यावर येतो तो दुपारी सव्वादोनच्या सुमारास. मुंबईत त्याच महिन्यात तो पाऊणच्या आधीच येतो. म्हणजे पावणेतीनला जेवायला बसलेला माद्रिदकर सूर्याच्या हिशेबानं मुंबईत एक-सव्वाला जेवणाऱ्या माणसाच्या बरोबरीनंच बसलेला असतो. जूनच्या अखेरीस तिथे सूर्यास्तच पावणेदहाच्या सुमारास होतो, तेव्हा दिवे लागण्यापूर्वी जेवणाचा नियम पाळणाऱ्यालाही रात्री नऊचं जेवण चालावं. अर्थात सगळं श्रेय घड्याळाला देता येणार नाही. फ्रान्सही त्याच मध्य युरोपीय वेळेवर चालतो आणि तिथे लोक साडेबारा-एकला जेवतात. स्पेनमध्ये यादवी युद्धानंतरच्या टंचाईच्या काळात अनेकांना दोन-दोन नोकऱ्या कराव्या लागल्या. त्यामुळे दुपारची सुट्टी लांबली आणि रात्रीचं जेवण मागे गेलं, असंही एक स्पष्टीकरण दिलं जातं. कारण कुठलंही असो, प्रवाशाच्या दृष्टीनं महत्त्वाचं एवढंच की या वेळांमागे निव्वळ आळस किंवा लहर नाही.

दक्षिणेत या वेळापत्रकाला उन्हाची जोड मिळते. सेव्हिल आणि कोर्दोबा इथे जुलै-ऑगस्टमध्ये पारा चाळीसच्या वर जाणं नेहमीचं आहे. ही शहरं बांधलीच गेली आहेत ती उन्हाला टाळण्यासाठी. गल्ल्या अरुंद, भिंतींना चुना, घराच्या मधोमध फुलझाडांचा चौक, सेव्हिलच्या सिएर्पेस रस्त्यावर तर उन्हाळ्यात इमारतींच्या मधे कापडी छतं ताणलेली. दुपारी तीन ते सहा स्थानिक माणूस घराबाहेर पडायचं टाळतो. त्या वेळी छत्री धरून गटानं फिरणारे बहुधा पर्यटकच असतात. हॉटेल निवडायचं ते हेच लक्षात ठेवून. शहराबाहेरचं मोठं, तरणतलावाचं हॉटेल स्वस्त वाटतं, पण तिथे दुपारी परत जाता येत नाही आणि दिवसभराची पायपीट एका दमात करावी लागते. त्यापेक्षा जुन्या वस्तीतलं एखादं ‘ओस्ताल’, म्हणजे एका-दोन ताऱ्यांचं, अनेकदा एखाद्या कुटुंबानं चालवलेलं लहान हॉटेल, अधिक उपयोगाचं. खोली रस्त्याकडे तोंड करणारी नको, आतल्या चौकाकडची मागावी, कारण रस्ते मध्यरात्रीपर्यंत जागे असतात. हात सैल सोडायचा असेल तर ‘पाराडोर’ आहेत. किल्ले, मठ, राजवाडे यांत सरकारनं चालवलेली ही हॉटेलं १९२८ पासून सुरू आहेत. सान्तियागोतलं पाराडोर ज्या इमारतीत आहे, ती राजा फर्डिनंड आणि राणी इसाबेला यांनी यात्रेकरूंचं रुग्णालय म्हणून उभारली होती. ग्रानादातलं तर अल्हाम्ब्रा राजवाड्याच्या आवारातल्या जुन्या मठात आहे. अशा वास्तूचे पैसे मोजायचे आणि दुपारभर बाहेर उन्हात फिरायचं, यात शहाणपण नाही.

जेवणाच्या बाबतीत वेळापत्रकाचा फायदा थेट खिशाला जाणवतो. आठवड्याच्या कामाच्या दिवशी दुपारी बहुतेक साध्या रेस्टॉरंटांत ‘मेनू देल दिया’ मिळतो. दोन पदार्थ, पाव, पेय आणि शेवटी गोड किंवा कॉफी, हे सगळं ठरलेल्या किमतीत, साधारण १२ ते १८ युरोंना. १९६४ मध्ये सरकारनं पर्यटकांसाठी म्हणून अशा थाळीची सक्ती केली. पुढे ऑफिसांत काम करणाऱ्यांनी ती आपलीशी केली. मुख्य जेवण असं दुपारी उरकलं की रात्री तापास पुरतात. एका बारमध्ये एक-दोन पदार्थ उभ्या उभ्या खायचे आणि पुढच्या बारकडे वळायचं. ग्रानादात पेय मागवलं की सोबतची बशी बहुतेक ठिकाणी फुकट येते. सान सेबास्तियानमध्ये काउंटरवर मांडलेले ‘पिंचोस’ एकेक करून विकत घ्यायचे असतात. सकाळचा हॉटेलातला महागडा नाश्ताही सोडून द्यावा. कोपऱ्यावरच्या बारमध्ये भाजलेल्या पावावर टोमॅटोचा गर आणि ऑलिव्ह तेल, सोबत कॉफी, यात काम भागतं.

शाकाहारी वाचक इथे थांबून विचारेल, डुकराच्या मांसासाठी प्रसिद्ध असलेल्या देशात आम्ही खायचं काय? अडचण खरी आहे. ‘भाजी’ म्हणून आलेल्या पदार्थातही हॅमचे तुकडे असू शकतात, त्यामुळे मागवताना ‘सिन हामोन’, म्हणजे हॅमशिवाय, आणि मासेही नकोत, हे स्पष्ट सांगावंच लागतं. पण पर्याय तुटपुंजे नाहीत, फक्त ते प्रदेशानुसार विखुरलेले आहेत. सेव्हिलमध्ये पालक-छोले, कोर्दोबात मध घातलेली तळलेली वांगी, अन्दालुसियात सगळीकडे गास्पाचो हे टोमॅटोचं गार सूप, कातालोनियात भाजलेल्या वांगी-मिरच्यांची एस्कालिवादा, गालिसियात तळलेल्या हिरव्या पाद्रोन मिरच्या. अंडं चालत असेल तर बटाट्याचं तोर्तिया कुठल्याही गावात उपाशी ठेवत नाही. यातले बरेचसे पदार्थ बारच्या फळ्यावर असतात, त्यामुळे शाकाहाऱ्याला बैठकीच्या रेस्टॉरंटपेक्षा बारफेरीच अधिक मानवते.

पाहण्याच्या जागांनाही आपापली वेळ असते. अल्हाम्ब्रातल्या नासरी महालांच्या तिकिटावर प्रवेशाची वेळ छापलेली असते आणि ती चुकली की आत सोडत नाहीत, त्यामुळे आधी आरक्षण हवंच. कोर्दोबाच्या मशिदीत, जिच्या मधोमध सोळाव्या शतकात कॅथीड्रल उभारलं गेलं, रविवार सोडून सकाळी साडेआठ ते साडेनऊ शुल्क न घेता प्रवेश मिळतो. कमानींच्या त्या अरण्यात तेव्हा गर्दीही कमी असते. माद्रिदचं प्रादो संग्रहालय सोमवार ते शनिवार संध्याकाळी सहा ते आठ विनामूल्य असतं. वेलास्केस आणि गोया या चित्रकारांसाठी अशा दोन फेऱ्या पुरेशा आहेत. बार्सिलोनाच्या साग्रादा फामिलिया चर्चमध्ये पूर्वेच्या काचा निळ्या-हिरव्या आणि पश्चिमेच्या लाल-केशरी आहेत, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी दिसणारं मंदिर वेगळं. या सगळ्यात दुपारी तीन ते सहाची वेळ कुणी मागितलेली नाही, हे लक्षात घेण्याजोगं आहे.

यावर पहिला आक्षेप येईल तो दिवस कमी असण्याचा. आठ दिवसांच्या सहलीत रोज तीन तास झोपायचं का? झोपलंच पाहिजे असं नाही. याच वेळात शहर बदलावं. माद्रिद ते सेव्हिल ही वेगवान रेल्वे १९९२ पासून धावते आणि साधारण अडीच तासांत पोचवते. उन्हाची वेळ वातानुकूलित डब्यात गेली तर काहीच बुडत नाही. दुसरा आक्षेप असा की दुपारची वामकुक्षी आता स्पेनमध्येच उरलेली नाही. मोठ्या शहरांत दुकानं सलग उघडी असतात आणि २०२४ मध्ये तिथल्या मजूरमंत्र्यांनी रात्री एकपर्यंत चालणाऱ्या रेस्टॉरंटांवर जाहीर टीका केली. हे खरं आहे, पण दुपारची झोप गेली तरी जेवणाच्या वेळा गेलेल्या नाहीत आणि प्रवाशाचा संबंध त्यांच्याशी आहे. मधुमेही किंवा लहान मुलं बरोबर असलेल्यांना मात्र ही शिस्त जशीच्या तशी पाळता येणार नाही. त्यांनी अकराच्या सुमारास बारमध्ये तोर्तियाचा तुकडा आणि संध्याकाळी सहाला खाणं असा मधला मार्ग धरावा. स्थानिक लोकही दोन जेवणांमध्ये असं खातातच.

सर्वांत गंभीर आक्षेप स्पेनच्या रहिवाशांचा आहे. २०२४ मध्ये सुमारे ९.४ कोटी विदेशी पर्यटक त्या देशात आले, म्हणजे लोकसंख्येच्या जवळजवळ दुप्पट. भाडी वाढली, मोर्चे निघाले आणि पर्यटकांना भाड्यानं देण्याच्या सुमारे दहा हजार सदनिकांचे परवाने २०२८ पर्यंत बंद करण्याचं बार्सिलोनाच्या महापौरांनी जाहीर केलं. अशा वेळी स्थानिकांच्या वेळा आणि जागाही बळकावा, असं सांगणं उद्धटपणाचं नाही का? पण लोकांचा राग प्रामुख्यानं राहती घरं पर्यटकांच्या हाती जाण्यावर आणि केवळ पर्यटकांसाठी चालणाऱ्या धंद्यांनी वस्त्या गिळण्यावर आहे. जो प्रवासी परवाना असलेल्या हॉटेलात उतरतो आणि दुपारी अडीचला कोपऱ्यावरच्या रेस्टॉरंटात रोजची थाळी खातो, तो निदान वस्तीतल्या माणसाला लागणारा धंदा जगवायला हातभार लावतो. गर्दीचा प्रश्न त्यानं सुटत नाही, पण त्यात भर तरी कमी पडते.

म्हणून सहल कंपनीबरोबर जायचं असो की स्वतंत्रपणे, पैसे भरण्याआधी कार्यक्रमपत्रिकेला तीन प्रश्न विचारावेत. हॉटेलातून चालत जुन्या शहरात जाता येतं का? रात्रीचं जेवण साडेआठच्या आधी ठरवलेलं आहे का? आणि दुपारी तीन ते सहा या वेळात किती दिवस ‘स्थलदर्शन’ लिहिलेलं आहे? तिसऱ्याचं उत्तर ‘रोज’ असेल, तर ती पत्रिका स्पेनकडे पाहून आखलेली नाही, आणि तिच्यातली दोन-तीन स्थळं खोडली तर सहलीचं मोल वाढेलच.