पान्यावरचा आकडा आणि त्याचे एकक

मोटारीचे चाक बसवताना कारागीर शेवटी एक लांब दांड्याचा पाना घेतो. नट ठरलेल्या मापापर्यंत आवळला गेला की पान्यातून ‘टक्’ असा आवाज येतो आणि कारागीर थांबतो. हा टॉर्क पाना. किती आवळायचे ते वाहनाच्या पुस्तिकेत दिलेले असते. पण पुस्तिकेतले एकक आणि पान्यावर कोरलेले एकक यांचा मेळ पुष्कळदा बसत नाही. जुन्या पुस्तिकांत किलोग्रॅम-मीटर, अमेरिकी पुस्तिकांत फूट-पौंड, तर नव्यांत न्यूटन-मीटर आढळते. एकातून दुसऱ्यात कसे जायचे? कोष्टक पाठ करण्यापेक्षा ते आपणच तयार करू.

बिजागरीजवळ ढकलले तर दार जड वाटते, कडेला ढकलले तर सहज फिरते. नटाचेही तसेच. बल आणि मध्यापासूनचे लंब अंतर यांचा गुणाकार म्हणजे बलाचे आघूर्ण. कारागिराच्या भाषेत टॉर्क. म्हणूनच त्याच्या एककात दोन शब्द असतात, एक बलाचा आणि एक लांबीचा. रूपांतर करताना हे दोन्ही बदलायचे, इतकेच.

किलोग्रॅम-मीटरमधला किलोग्रॅम हे वस्तुमान नव्हे, तर एक किलोग्रॅम वस्तुमानाचे वजन, म्हणजे बल आहे. गुरुत्वीय त्वरणाचे प्रमाण मूल्य १९०१ साली आंतरराष्ट्रीय परिषदेने ९.८०६६५ मीटर प्रति सेकंद वर्ग असे ठरवले. म्हणून,

१ किलोग्रॅम-मीटर = ९.८०६६५ न्यूटन-मीटर
१ किलोग्रॅम-सेंटिमीटर = ०.०९८ न्यूटन-मीटर

आता फूट-पौंड. एक पौंड म्हणजे ०.४५३६ किलोग्रॅम आणि एक फूट म्हणजे ०.३०४८ मीटर. गुणाकार केला की ०.१३८३ किलोग्रॅम-मीटर मिळतात. त्यांना ९.८०६६५ ने गुणले की,

१ फूट-पौंड = १.३५६ न्यूटन-मीटर

बारा इंचांचा फूट, म्हणून १ इंच-पौंड याच्या बाराव्या हिश्शाइतका, ०.११३ न्यूटन-मीटर.

एककाकडे दुर्लक्ष केले तर काय होते? समजा, चाकाच्या नटासाठी पुस्तिकेत १० किलोग्रॅम-मीटर दिले आहेत. न्यूटन-मीटरच्या पान्यावर ९८ लावायला हवेत. कोणी नुसतेच १० लावले, तर पाना ‘टक्’ करील, पण नट हवा त्याच्या जेमतेम दहाव्या हिश्शाने आवळलेला असेल. धावत्या गाडीच्या हादऱ्यांनी तो सैल होऊ शकतो. उलट चूकही तितकीच वाईट. ६ मिलिमीटरच्या साध्या बोल्टला सुमारे १० न्यूटन-मीटर पुरतात. तिथे १० किलोग्रॅम-मीटर लावले तर बोल्ट तुटतोच. फूट-पौंडाच्या जागी इंच-पौंड धरले, तर चूक बारापट होते.

वर्गात हे सहज करून दाखवता येते. सायकलचा नट आवळताना पान्याच्या टोकाला ताणकाटा अडकवा आणि पान्याशी काटकोनात ओढा. नटाच्या मध्यापासून काट्याच्या आकड्यापर्यंतचे अंतर २० सेंटिमीटर आणि काट्यावरचे वाचन ५ किलोग्रॅम असेल, तर टॉर्क १०० किलोग्रॅम-सेंटिमीटर, म्हणजेच १ किलोग्रॅम-मीटर किंवा ९.८ न्यूटन-मीटर. हेच उत्तर विद्यार्थ्यांना फूट-पौंडात काढायला सांगावे. ते सुमारे ७.२ येईल.

एखादा चौकस विद्यार्थी विचारील, “न्यूटन गुणिले मीटर म्हणजे ज्यूलच ना?” कार्य मोजताना अंतर बलाच्या दिशेने घेतात, आघूर्णासाठी मात्र बलाला लंब. म्हणून टॉर्कला ज्यूल म्हणत नाहीत.

गुणायचे की भागायचे, असा गोंधळ झाला तर एक खूण लक्षात ठेवावी : एकक लहान, तर आकडा मोठा. या तिघांत न्यूटन-मीटर सर्वांत लहान, म्हणून त्यातला आकडा सर्वांत मोठा यायला हवा. तसा आला नाही, तर पाना हाती घेण्यापूर्वी गणित पुन्हा तपासावे.