उलटी थांबली, मळमळ राहिली

केमोथेरपीच्या वॉर्डात सकाळच्या राउंडला एक ठरलेला प्रश्न असतो. ‘‘काल किती उलट्या झाल्या?’’ पेशंट बोटांवर मोजून सांगतो, नाहीतर शेजारी बसलेली बायको सांगते, कारण टब तिनेच धरलेला असतो. आकडा कागदावर चढतो. ‘‘उलटी तशी एकच झाली हो, पण दिवसभर नुसतं ढवळत होतं, पाण्याचा घोटही आत ठरेना,’’ हे पुढचं वाक्य तसंच हवेत राहतं. त्याचा आकडा काय लिहिणार?

उलटी दिसते. मळमळ फक्त ज्याची त्याला कळते. गेल्या साठ वर्षांतली बहुतेक औषधं उलट्या मोजून पारखली गेली. त्यामुळे उलटीवर एकाहून एक सरस गोळ्या आल्या आणि महिनोन्महिने नुसतीच मळमळ सोसणारी माणसं मागे राहिली. मधुमेहाने जठर संथ झालेले त्यात आहेत, डोहाळ्यांनी अंथरूण धरलेल्या बायका आहेत, केमोचे पेशंट आहेत. गुण येणारं औषध सापडलं तरी ते परवडेल का, हा दुसरा घोर. या दोन्ही घोरांचा इतिहास एकमेकांत गुंतलेला आहे.

सुरुवात फ्रान्समधून करावी लागते. लुई जुस्तँ-बझाँसों आणि शार्ल लाव्हिल यांनी १९६४ साली मेटोक्लोप्रमाइडची ओळख करून दिली. आपल्याकडे ते पेरिनॉर्म किंवा रेग्लान म्हणून माहीत आहे. जठरातलं अन्न पुढे ढकलायचं आणि मेंदूतल्या डोपामिनच्या खुणा अडवायच्या, असं त्याचं दुहेरी काम. औषध स्वस्त आणि कामाचं, पण त्याची एक खोड आहे. इंजेक्शन दिल्यावर कधीकधी, विशेषतः लहान मुलांत आणि तरुणांत, मान एका बाजूला वळून अडकते, जबडा ताठतो, डोळे वर फिरतात. आईबापांची भीतीने गाळण उडते. प्रोमेथाझिनचं इंजेक्शन दिलं की थोड्या वेळात सगळं पूर्ववत होतं, पण ते दृश्य पाहिलेला माणूस पेरिनॉर्मचं नाव जन्मात विसरत नाही.

१९७८ साली अमेरिकेत सिसप्लॅटिनला परवानगी मिळाली. वृषणाचा कर्करोग बरा होऊ लागला, ही मोठीच गोष्ट. पण हे औषध घेतलेल्या जवळजवळ प्रत्येकाला उलट्या होत, त्याही तासन्‌तास. पुढचा डोस नको म्हणणारे पेशंट निघाले, आजाराने मेलेलं पत्करलं म्हणणारे! त्याआधीच काहींना गांजाने बरं वाटतं हे कानावर आलं होतं. १९७५ साली स्टीफन सॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गांजातला मुख्य घटक कॅप्सूलमध्ये भरून तपासला, तर खरंच गुण आला. १९८५ साली तो अमेरिकेत रीतसर औषध झाला. बऱ्याच पेशंटना मात्र त्याची गुंगीच सोसेना.

१९८१ साली न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात रिचर्ड ग्रॅला यांनी मेटोक्लोप्रमाइडचाच डोस बेधडक वाढवून पाहिला. साधी गोळी दहा मिलिग्रॅमची. त्यांनी किलोमागे दोन मिलिग्रॅम शिरेतून दिलं आणि तेही पुन्हापुन्हा. साठ किलोच्या माणसाला एका खेपेस एकशेवीस मिलिग्रॅम, म्हणजे बारा गोळ्यांचा ऐवज. सिसप्लॅटिनच्या उलट्या एकदम आटोक्यात आल्या.

आता यात एक कोडं होतं. डोपामिन अडवणारी इतर औषधं सिसप्लॅटिनपुढे हात टेकत होती. मग याच औषधाचा एवढा मोठा डोस का लागू पडावा? म्हणजे हे दुसरंच काहीतरी अडवत असणार. ते दुसरं निघालं सेरोटोनिन. केमोमुळे आतड्यातल्या पेशी सेरोटोनिन सोडतात आणि त्याचा निरोप मज्जातंतूवाटे मेंदूत पोचतो. हे पडताळून पाहायला प्राणी हवा होता आणि उंदीर कुचकामी, कारण उंदराला उलटी होतच नाही. शेवटी फेरेट हा मुंगसासारखा लांबट प्राणी कामी आला. १९८६ साली माइनर आणि सँगर यांनी दाखवलं की सेरोटोनिनचा तो विशिष्ट ग्राहक अडवला की सिसप्लॅटिन देऊनही फेरेट ओकत नाही. तोवर ग्लॅक्सो कंपनीच्या हाती ऑन्डान्सेट्रॉन आलेलंच होतं. जानेवारी १९९१ मध्ये अमेरिकेने त्याला परवानगी दिली.

औषध खरोखर उत्तम होतं. मान वळत नव्हती, गुंगी फारशी येत नव्हती. तक्रार एवढीच की बद्धकोष्ठ व्हायचं. त्याची किंमत मात्र अंगावर येई. पेटंट डिसेंबर २००६ मध्ये संपेपर्यंत अमेरिकेत एकेका गोळीला वीस डॉलरच्या आसपास पडत. विमा कंपन्या महिन्याला अमुकच गोळ्या देऊ म्हणत. रोज मळमळणाऱ्या माणसाने आज गोळी घ्यायची की परवासाठी ठेवायची, याचा हिशेब करत बसायचं.

भारतात चित्र वेगळं होतं, आणि त्याचं श्रेय एका कायद्याला द्यायला हवं. १९७० चा पेटंट कायदा १९७२ पासून लागू झाला. त्यात औषधाच्या रेणूवर पेटंट मिळत नसे, फक्त तो बनवण्याच्या पद्धतीवर मिळे. जानेवारी २००५ पर्यंत हीच स्थिती होती. पश्चिमेत पेटंट जागं असतानाच इथल्या कंपन्या ऑन्डान्सेट्रॉन बनवत होत्या. एमेसेट, ऑन्डेम, व्होमिकाइंड ही नावं आज गावातल्या केमिस्टलाही पाठ आहेत. चार मिलिग्रॅमची गोळी पाच-सात रुपयांत मिळते. नावापुढे ‘एमडी’ लिहिलेली गोळी तोंडात विरघळणारी. पट्टीच्या चांदीवर नख लावायचं, मागचा कागद हलकेच सोलायचा (दाबून काढायला गेलं तर चुरा होतो) आणि ती पांढरी, गोडसर टिकली जिभेवर ठेवायची. पाण्याचा घोट पोटात ठरत नाही, अशा माणसासाठी ही किती मोठी सोय आहे ते त्यालाच विचारावं.

एवढं होऊनही मळमळ राहिलीच. पहिल्या दिवसाची उलटी थांबे. दुसऱ्या ते पाचव्या दिवशी ढवळणं चालू राही, जेवणाच्या नुसत्या वासाने उमासे येत. २००३ साली ॲप्रेपिटंट आलं. त्याने या उशिराच्या उलट्यांना बराच लगाम घातला, मळमळीला त्या मानाने कमी. ते महाग होतं, त्यामुळे आपल्याकडे कितीतरी पेशंटच्या कागदावरून हेच नाव आधी गळे.

गरोदरपणातल्या मळमळीची हकिगत याहून चमत्कारिक आहे. डॉक्सिलामाइन हे ॲलर्जीचं औषध आणि ब जीवनसत्त्वातलं पायरिडॉक्सिन यांची गोळी अमेरिकेत १९५६ पासून ‘बेंडेक्टिन’ नावाने मिळत होती. तीन कोटींहून अधिक बायकांनी ती घेतली. पण १९६१ साली थॅलिडोमाइडचा हाहाकार होऊन गेलेला. डोहाळ्यांवर घेतलेल्या त्या औषधाने हातापायांविना मुलं जन्मली होती. ती भीती बेंडेक्टिनच्याही मानेवर बसली आणि खटल्यांची रांग लागली. अभ्यासांतून दोष सिद्ध होत नव्हता, तरी वकिलांचा खर्च झेपेना म्हणून कंपनीने १९८३ साली गोळी बंद केली. त्यातलाच एक खटला, डॉबर्ट विरुद्ध मेरेल डाउ, १९९३ साली सर्वोच्च न्यायालयात गेला. कोर्टात शास्त्रीय पुरावा कशाला म्हणायचं, हे अमेरिकेत आजही त्या निकालावरून ठरतं.

गोळी गेल्यावर मुलांमधली जन्मजात व्यंगं कमी झाली नाहीत. उलट्यांमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्या गरोदर बायका मात्र वाढल्या. शेजारच्या कॅनडात तेच मिश्रण सुखाने विकलं जात होतं. भारतात ‘डॉक्सिनेट’ लिहून देताना कुणा डॉक्टरचा हात थरथरत नव्हता. अमेरिकेत ती परत यायला तीस वर्षं लागली. २०१३ साली ती नव्या नावाने आली तेव्हा महिन्याचा खर्च शेकडो डॉलरांत गेला होता. तिच्यातले दोन्ही घटक तिथल्या दुकानात सुटे, चिठ्ठीशिवाय, किरकोळ पैशांत मिळत होते. हुशार बायका ते सुटेच घेत.

मळमळीचं मूळ कुठे आहे याचा धागा डिसेंबर २०२३ मध्ये हाती लागला. मार्लेना फेजो यांना स्वतःला १९९९ साली इतक्या उलट्या झाल्या होत्या की गर्भ वाचला नाही. त्यांच्यासह काही संशोधकांनी जीडीएफ १५ या संप्रेरकाकडे बोट दाखवलं. गर्भाकडून ते भरमसाट येतं आणि आईच्या शरीराला त्याची आधीपासून सवय नसेल तर त्रास जास्त होतो. थोडक्यात, ‘सगळ्यांनाच होतं, सहन कर’ म्हणणाऱ्या सासवांना रक्तातलं उत्तर मिळालं.

डोमपेरिडोनच्या बाबतीत देशांची अदलाबदल पाहण्यासारखी आहे. बेल्जियमच्या यान्सेन कंपनीने ते १९७४ साली घडवलं. ते मेंदूत फारसं शिरत नाही, त्यामुळे मान वळण्याचं भय कमी. संथ जठराच्या मधुमेहींना ते वरदानच वाटावं. पण शिरेतून दिलेल्या मोठ्या डोसमुळे हृदय बंद पडण्याच्या घटना घडल्या आणि १९८०च्या दशकात इंजेक्शन मागे घेतलं गेलं. अमेरिकेने गोळीलाही कधी परवानगी दिली नाही. तिथे जठर संथ झालेल्या माणसापुढे मान्यताप्राप्त औषध एकच, मेटोक्लोप्रमाइड. त्याच्यावरही २००९ साली ठळक चौकटीतला इशारा आला, की बारा आठवड्यांहून जास्त घेऊ नये, तोंडाच्या न थांबणाऱ्या हालचाली जडू शकतात. दुखणं आयुष्यभराचं आणि औषध तीन महिन्यांचं! डोमपेरिडोन हवं असेल तर डॉक्टरने सरकारकडे खास अर्ज करायचा, हृदयाचे आलेख जोडायचे, कागदपत्रं सांभाळायची. युरोपनेही २०१४ साली दिवसाला तीस मिलिग्रॅमची मर्यादा घातली.

आपल्याकडे हेच डोमपेरिडोन ॲसिडिटीच्या कॅप्सूलमध्ये घातलेलं असतं आणि जड जेवण झालं की लोक दुकानातून मागून घेतात. एकीकडे गरजवंताला अर्ज करावे लागतात, दुसरीकडे गरज नसलेला वर्षानुवर्षं रिकाम्यापोटी एक कॅप्सूल गिळतो. यातलं बरं काय म्हणायचं?

मळमळीवर खरा उतारा मिळाला तो अनपेक्षित कपाटात. ओलान्झापीन हे स्किझोफ्रेनियावरचं औषध, १९९६ सालचं. ते मेंदूतले डोपामिनचे आणि सेरोटोनिनचे अनेक ग्राहक एकदम अडवतं. अमेरिकेतल्या रुडॉल्फ नवारी यांनी ते केमोच्या पेशंटना देऊन पाहिलं. २०१६ साली छापलेल्या त्यांच्या चाचणीत ३८० पेशंट होते आणि मुख्य मोजमाप होतं ‘मळमळ अजिबात झाली नाही’ हे. नेहमीच्या औषधांबरोबर ओलान्झापीन घेणाऱ्यांत पहिल्या दिवशी ७४ टक्के मळमळीपासून मुक्त होते, न घेणाऱ्यांत ४५ टक्के. तोवर पेटंट संपलेलं, गोळी काही रुपयांची. अडचण झोपेची होती. दहा मिलिग्रॅमने माणूस दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पेंगत राही.

हे परळला फार जाणवतं. टाटा मेमोरियलमध्ये केमो घेऊन कुणी कल्याणच्या लोकलला लटकायचं असतं, कुणी रुग्णालयासमोरच्या फुटपाथवर पथारी टाकलेली असते. तिथे गाढ झोप लागली की सामान कोण सांभाळणार? तिथल्या डॉ. ज्योती बाजपेयी आणि सहकाऱ्यांनी २०२१ ते २०२३ या काळात २७५ पेशंट घेऊन सरळ प्रश्न विचारला, दहाऐवजी अडीच मिलिग्रॅम पुरेल का? २०२४ साली ‘लॅन्सेट ऑन्कोलॉजी’त उत्तर छापून आलं. उलटी आणि मळमळ दोन्ही काबूत राहिलेले पेशंट कमी डोसमध्ये ४५ टक्के, पूर्ण डोसमध्ये ४४ टक्के. पहिल्या दिवशी डोळ्यांवर जड झापड आलेले मात्र ५ टक्के विरुद्ध ४० टक्के.

आता अडचण उरते ती गोळीच्या कीर्तीची. मुलगा मोबाइलवर नाव शोधतो, पहिल्याच ओळीत स्किझोफ्रेनिया दिसतं आणि तो घाबऱ्याघाबऱ्या ओपीडीत परत येतो. ‘‘डॉक्टर, आईला ही वेडावरची गोळी का दिलीत?’’ रांगेत मागे चाळीस माणसं उभी असतात. डॉक्टर पेनाने गोळीभोवती गोल करतात आणि शेजारी मराठीत लिहून देतात, ‘मळमळीसाठी, रात्री झोपताना, अर्धी नको, पूर्ण.’