स्टार खेळाडू रणजीला दांडी का मारतात?

नाशिककरांनो, २३ जानेवारी २०२५ आठवतोय? आपल्या गोल्फ क्लब मैदानावर महाराष्ट्र-बडोदा रणजी सामना सुरू झाला, आणि त्याच सकाळी बीकेसीत रोहित शर्मा मुंबईकडून उतरला! पंत, जडेजा, गिलही आपापल्या संघांकडून खेळत होते. हा योगायोग नव्हता. बीसीसीआयने त्याच महिन्यात देशांतर्गत क्रिकेट सक्तीचं केलं होतं.

ठिणगी त्याआधीची. रणजीला दांडी मारल्याच्या वादानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये श्रेयस अय्यर आणि ईशान किशन वार्षिक करारातून वगळले गेले. श्रेयसने पुढच्याच महिन्यात वानखेडेवर विदर्भाविरुद्ध रणजी फायनलमध्ये ९५ धावा ठोकल्या. एप्रिल २०२५ मध्ये त्याला करार परत मिळाला.

तुलनेला अमेरिकेची फुटबॉल लीग एनएफएल बघा. तिथे मोसमाआधीचे बरेचसे सराव नियमानेच ऐच्छिक असतात. त्यामुळे नवा करार हवा असलेले खेळाडू तिकडे बिनधास्त फिरकत नाहीत. सक्तीचं शिबिर चुकवलं, तर मात्र दंड.

मला आपली सक्ती पटते. आपल्या नाशिकचा डावखुरा फिरकीपटू सत्यजित बच्छाव वर्षानुवर्षं रणजीत घाम गाळतोय. अशा गोलंदाजांसमोर कसोटीतले फलंदाज यायलाच हवेत. दुखापतग्रस्ताला सूट द्या, पण ती डॉक्टरांच्या अहवालावर.