कार्बनच्या नळीत नायट्रोजन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

प्लॅटिनम, रुथेनियम, पॅलेडियम हे उत्प्रेरक धातू महाग असतात आणि रासायनिक क्रिया घडते ती फक्त त्यांच्या पृष्ठभागावर. म्हणून धातूचे काही नॅनोमीटर आकाराचे कण करून ते स्वस्त आधारावर पसरवतात. २०२० मध्ये पुण्यात सीएसआयआर ही संशोधन संस्था आणि केपीआयटी ही कंपनी यांनी हायड्रोजनवर चालणाऱ्या मोटारीची चाचणी घेतली. अशा मोटारींच्या इंधन घटात सर्वसाधारणपणे प्लॅटिनमचे कण कार्बनच्या भुकटीवर बसवलेले असतात. या भुकटीच्या जागी नायट्रोजनयुक्त कार्बन नॅनोट्यूब वापरता येतील का, यावर बरेच संशोधन झाले आहे. त्याबरोबर काही गैरसमजही पसरले आहेत.

गैरसमज १: ‘नायट्रोजनयुक्त’ म्हणजे नळीत नायट्रोजन वायू भरलेला.

वस्तुस्थिती: नायट्रोजन असतो तो नळीच्या भिंतीत. ही भिंत म्हणजे कार्बन अणूंच्या षटकोनी जाळीची गुंडाळी. ॲसिटोनायट्राइल किंवा पिरिडीनची वाफ साधारण ७०० ते ९०० अंश सेल्सिअसला लोखंडाच्या किंवा कोबाल्टच्या बारीक कणांवरून सोडली, की नळी वाढता वाढताच काही नायट्रोजन अणू या जाळीत जाऊन बसतात. थोडे वायुरूप नायट्रोजन रेणू पोकळीत अडकलेलेही आढळतात, पण धातू धरून ठेवण्यात त्यांचा वाटा नसतो.

गैरसमज २: आधाराचे काम फक्त धातूला जागा देण्याचे.

वस्तुस्थिती: निर्दोष नॅनोट्यूबच्या गुळगुळीत भिंतीवर धातूचे कण म्हणजे अळवावरचे पाणी. ते सरकतात, एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि उपयोगी पृष्ठभाग घटतो. यावर जुना उपाय म्हणजे नळ्या नायट्रिक आम्लात उकळणे. त्याने भिंतीवर ऑक्सिजनचे गट तयार होतात, पण भिंतीला इजा होते आणि पुढे तापवताना त्यातले बरेच गट उडून जातात. नायट्रोजन जाळीचाच भाग असल्याने त्याची पकड अधिक टिकाऊ असते. शिवाय आधार आणि धातू यांच्यात इलेक्ट्रॉनांची देवघेव होते. उदाहरणार्थ, रुथेनियम वापरून अमोनिया बनवताना नायट्रोजन रेणूचा तिहेरी बंध तोडावा लागतो. रुथेनियमला इलेक्ट्रॉन मिळाले की ते काम सोपे होते.

गैरसमज ३: जितका नायट्रोजन जास्त, तितका आधार चांगला.

वस्तुस्थिती: नायट्रोजन किती आहे याइतकेच तो कुठे बसला आहे हेही महत्त्वाचे. जाळीच्या कडेला किंवा रिकाम्या जागेच्या काठाला दोन कार्बन अणूंशी जोडलेला नायट्रोजन ‘पिरिडिनिक’. त्याची मोकळी इलेक्ट्रॉन-जोडी धातूला धरून ठेवते. पाच अणूंच्या कड्यातला ‘पायरोलिक’. जाळीच्या आत तीन कार्बन अणूंशी जोडलेला ‘ग्राफिटिक’, जो जाळीला जादा इलेक्ट्रॉन देतो. एक्स-रे फोटोइलेक्ट्रॉन स्पेक्ट्रोस्कोपीत यांच्या खुणा अनुक्रमे सुमारे ३९८.५, ४०० आणि ४०१ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास दिसतात. एकूण प्रमाण बहुधा काही टक्केच असते. ते फार वाढवले तर भिंतीतले दोष वाढतात, विद्युतवहन मंदावू शकते आणि हवेत तापवल्यावर नळी कमी तापमानालाच जळू लागते.

गैरसमज ४: धातूचे कण जितके बारीक, तितका उत्प्रेरक प्रभावी.

वस्तुस्थिती: ते क्रियेवर अवलंबून आहे. अमोनियाच्या क्रियेसाठी रुथेनियमच्या पृष्ठभागावर पाच अणूंची विशिष्ट पायरीवजा मांडणी लागते. साधारण २ नॅनोमीटरच्या कणांवर ती भरपूर सापडते, एक नॅनोमीटरपेक्षा लहान कणांवर जवळपास नसते. म्हणजे कण अति बारीक राखणारा आधार इथे तोट्याचाही ठरू शकतो.

गैरसमज ५: नायट्रोजन असला, की धातूची गरजच नाही.

वस्तुस्थिती: या समजाला २००९ चे निमित्त आहे. संशोधक लिमिंग दाई यांच्या गटाने ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवले, की उभ्या वाढवलेल्या नायट्रोजनयुक्त नॅनोट्यूब अल्कधर्मी द्रावणात इंधन घटातली ऑक्सिजनच्या क्षपणाची क्रिया प्लॅटिनमविनाच उत्तम घडवतात. पण मोटारींतले इंधन घट आम्लधर्मी पटलावर चालतात आणि आम्लात धातुविरहित कार्बन बराच मागे पडतो. नळ्या वाढवताना वापरलेल्या लोखंडाचा अंशही क्रियेत हात देऊ शकतो. म्हणून ‘धातुविरहित’ हा दावा धातूचे अवशेष मोजल्याशिवाय स्वीकारता येत नाही.

गैरसमज ६: कार्बन झिजत नाही.

वस्तुस्थिती: पाण्याच्या संपर्कात कार्बनचे ऑक्सिडीकरण अवघ्या ०.२०७ व्होल्टला शक्य होते. इंधन घटाचा कॅथोड त्याहून बऱ्याच वरच्या विभवावर असतो. क्रिया संथ असते म्हणूनच आधार टिकतो. घट सुरू-बंद होताना विभव एकदम चढतो आणि झीज वाढते. अमोनियाच्या कारखान्यात धोका वेगळा आहे. तिथे कार्बनवर बसवलेले रुथेनियम हायड्रोजनच्या सान्निध्यात त्याच कार्बनचे हळूहळू मिथेन करू शकते. नॅनोट्यूबच्या नीट रचलेल्या भिंती भुकटीपेक्षा चिवट असतात, पण नायट्रोजनने आणलेले दोष हा चिवटपणा थोडा कमी करतात. पकड आणि टिकाऊपणा यांचा तोल प्रत्येक क्रियेसाठी वेगळा साधावा लागतो.

म्हणून ‘नायट्रोजनमुळे उत्प्रेरक सुधारला’ असे वाचनात आले, तर चार गोष्टी पाहाव्यात: नायट्रोजन कोणत्या प्रकारचा होता, धातूच्या कणांचा आकार तुलनेतल्या उत्प्रेरकाइतकाच होता का, क्रिया आम्लात झाली की अल्कलीत, आणि उत्प्रेरक किती तास टिकला. आकार वेगळा असेल, तर सुधारणेचे सगळे श्रेय नायट्रोजनच्या इलेक्ट्रॉनांना देता येत नाही.