विरी नसलेल्या पिठाची रोटी

जुन्या ज्वारीची भाकरी थापताना कडा फुटू लागल्या, की आपल्याकडे म्हणतात, ‘पिठाची विरी गेली.’ मक्याच्या पिठात ही विरी मुळातच बेताची. तरी थंडी पडली की पंजाबात घरोघरी मक्की दी रोटी होते आणि अखंड तव्यावर पडते.

गव्हाच्या कणकेत ग्लुटेनचं जाळं असतं, म्हणून पोळी लाटता येते. मक्यातलं मुख्य प्रथिन झीन. ते दाण्यात सूक्ष्म गोळ्यांच्या रूपात बंदिस्त असतं, पाण्यात विरघळत नाही. कितीही मळा, जाळं होत नाही. मग रोटीला धरतं कोण? स्टार्च. साधारण ६२ ते ७२ अंश सेल्सिअसला त्याचे कण पाणी पिऊन फुगतात आणि खळ तयार होते. म्हणून पिठात कढत पाणी घालायचं. आपण भाकरीची उकड काढतो ती याचसाठी.

थापणारीचे हात बघत राहावेत. सगळं पीठ ती एकदम मळत नाही. एका रोटीपुरतं घेते, तळव्याने रगड रगड रगडते, ओल्या हातांवर फिरवत थापते आणि कडेला चीर दिसली की ओलं बोट फिरवून बुजवते. गोळा निवला तर स्टार्चचे रेणू पुन्हा एकमेकांना बिलगतात आणि तो ठिसूळ होतो. गार रोटी कडक होते तीही यामुळेच. तव्यावरची थेट ताटात वाढायचा आग्रह निव्वळ लाडाचा नाही.

मका मूळचा मेक्सिकोचा. तिथे दाणे चुन्याच्या पाण्यात शिजवून वाटतात. त्याने पीठ चिकट होतं आणि दाण्यात अडकलेलं नायसिन हे जीवनसत्त्व मोकळं होतं. युरोपात मका गेला, चुना गेला नाही. १७३५ मध्ये स्पेनच्या अस्तुरियासमध्ये गास्पार कासाल या वैद्याने मक्यावर जगणाऱ्या गरिबांच्या कातडीवरचे चट्टे नोंदवले. तो पेलाग्रा, नायसिनच्या अभावाचा आजार.

पंजाबी रोटीलाही चुना लागत नाही. पण ती हिवाळ्याची, आणि एकटी कधीच येत नाही. सोबत लस्सी असते. झीनमध्ये जवळपास नसलेलं ट्रिप्टोफॅन दुधात असतं आणि शरीर त्यातल्या सुमारे ६० मिलिग्रॅमपासून १ मिलिग्रॅम नायसिन बनवतं. पेलाभर लस्सीचा हा हातभार मला फार मोलाचा वाटतो.

आणि सरसों दा साग. मोहरीचा पाला, पालक, चाकवत मऊ शिजवून घोटताना त्यात मूठभर मक्याचं पीठ पडतं. त्याला तिकडे आलण म्हणतात. पाल्याचं सुटं पाणी धरून ठेवते, ती हीच खळ.